वेन पंप पुन्हा बांधताना: सुट्या भागांचा दर्जा मायक्रॉनमध्ये का मोजायचा

वेन पंप म्हणजे हायड्रॉलिक मशीनला दाबाखाली तेल पुरवणारा पंप. तो उघडून सगळं सामान टेबलावर मांडलं की नवख्या फिटरची जरा निराशाच होते. एक शाफ्ट, एक-दोन बेअरिंग, खाचा पाडलेला रोटर, त्या खाचांत बसणाऱ्या दहा-बारा पातळ पट्ट्या म्हणजे वेन्स, त्यांच्याभोवती एक रिंग, दोन्ही अंगांना एकेक प्लेट आणि थोडे सील. एवढ्याशा सामानावर दीड-दोनशे बार प्रेशर कसं टिकतं, असा प्रश्न पडतो. सगळी करामत या भागांमधल्या फटींची असते. म्हणून नवीन भाग घेताना तो दिसतो कसा, बसतो का, एवढं पाहून भागत नाही. तो बसल्यावर फट किती उरते, हे पाहावं लागतं. हा लेख वेन पंप पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी आहे. मायक्रोमीटर हातात धरता येतो एवढं गृहीत धरलं आहे, बाकी काही नाही.

आधी फटींचं गणित

रोटर फिरला की वेन्स बाहेर फेकल्या जाऊन रिंगच्या आतल्या पृष्ठभागाला टेकतात. रिंगचं आतलं भोक गोल नसतं, लंबगोलासारखं असतं. त्यामुळे दोन वेन्समधला कप्पा एका फेऱ्यात दोनदा मोठा होतो आणि दोनदा लहान होतो. मोठा होताना तेल ओढतो, लहान होताना ढकलतो. तेल ढकलणारी दोन तोंडं बरोबर समोरासमोर असल्यामुळे एका बाजूने शाफ्टवर येणारा जोर दुसऱ्या बाजूच्या जोराने कटतो. हाच बॅलन्स्ड वेन पंप. हॅरी विकर्स यांनी तो १९२०च्या दशकात आणला आणि कारखान्यांतले बहुतेक फिक्स्ड (दर फेऱ्याला ठरावीकच तेल देणारे) वेन पंप आजही त्याच तत्त्वावर चालतात.

चालू पंपात वेनचं टोक आणि रिंग यांच्यामधला तेलाचा थर साधारण अर्धा ते एक मायक्रॉन असतो. वेनच्या बाजूंना ५ ते १३ मायक्रॉन फट धरली जाते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे ज्या फटींवर पंपाचं काम चालतं त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ४० मायक्रॉनच्या खालचा कणसुद्धा नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

आता खरी मेख. सपाट फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. रोटर आणि साइड प्लेटमध्ये २० मायक्रॉनऐवजी ४० मायक्रॉन राहिले तर मापाच्या कागदावर फरक नगण्य वाटतो, पण पंप तेवढ्यावरच मान टाकतो.

एक उदाहरण घेऊ. एका फेऱ्यात ४० घन सेंटीमीटर तेल देणारा पंप मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरला तर हिशेबाने ६० लिटर प्रति मिनिट मिळायला हवं. १४० बारला प्रत्यक्षात ५४ लिटर मिळालं तर ६ लिटर आतल्या आत परत गेलं. लिटरला बारने गुणून ६०० ने भागलं की किलोवॉट मिळतात: ६ गुणिले १४० भागिले ६००, म्हणजे १.४ किलोवॉट. एवढी उष्णता एकही उपयोगी काम न करता तेलात जाते. तेल तापलं की पातळ होतं. व्हीजी ४६ ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक असते, ६० अंशांना साधारण २० वर येते. पातळ तेल त्याच फटीतून दुपटीहून जास्त वेगाने निसटतं, मग आणखी तापतं. सकाळी ठीक चालणारं मशीन दुपारी ढिलं पडतं, अशी तक्रार आली की हे चक्र डोक्यात ठेवायचं.

पहिली पायरी: उघडण्याआधी

नेमप्लेटवरचा पूर्ण मॉडेल कोड उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच बाह्य आकाराच्या बॉडीत वेगवेगळ्या क्षमतेच्या रिंगा बसतात, आणि तो फरक त्या कोडमधल्या एखाद्याच आकड्यात असतो. फिरण्याची दिशा शाफ्टच्या टोकाकडून पाहून लिहा. बॉडी आणि कव्हरवर जुळणीची खूण करा, कारण कव्हर बऱ्याच पंपांत चार वेगवेगळ्या दिशांना बसतं आणि चुकलं की सक्शन-डिलिव्हरीच्या पाइपांचं तोंडच जुळत नाही. फोटो काढा. टाकीतल्या तेलाचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन ठेवा.

पंप का उतरवला, तेही लिहून ठेवा. आवाज होता, प्रेशर चढत नव्हतं, तापत होता की शाफ्टकडून गळत होता? उघडल्यावर दिसणाऱ्या झिजेची सांगड याच्याशी घालायची आहे.

दुसरी पायरी: झीज वाचणं

ही पायरी घाईत उरकली जाते आणि मग नवीन भागही काही दिवसांत जुन्यांसारखेच होतात. भाग धुण्याआधी आहेत तसे बघा. तेलाचा गाळ कुठे साठला, धातूचा चुरा कुठे चिकटला, हे धुतल्यावर कळत नाही.

रिंगच्या आतल्या पृष्ठभागावरून नख हळूच फिरवा. पत्र्याच्या पन्हळीसारख्या बारीक लाटा लागल्या तर वेन्स रिंगला सोडून पुन्हा पुन्हा तिच्यावर आदळत होत्या. असं बहुतेक वेळा सक्शनला हवा शिरल्याने किंवा तेल अपुरं पडल्याने होतं. कधी खाचेत अडकणाऱ्या वेन्समुळेही होतं. रिंग बदलली पण सक्शनचा चोंदलेला स्ट्रेनर (गाळणीची जाळी) तसाच ठेवला, तर नव्या रिंगवरही त्याच लाटा उमटणार.

झीज फक्त सक्शनच्या भागात जास्त दिसली तर ते समजण्यासारखं आहे. तिथे वेनच्या वर प्रेशर नसतं. साध्या रचनेत खालून मात्र पूर्ण प्रेशर ढकलत असतं. २ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर रुंद वेन धरा: ६० चौरस मिलिमीटरवर १४० बार म्हणजे ८४० न्यूटन, जवळजवळ ८५ किलोचा भार एका पातळ कडेवर. ८० मिलिमीटर व्यासाच्या रिंगमध्ये १५०० फेऱ्यांना ती कड सेकंदाला सहा मीटरहून जास्त वेगाने घासत जाते. हा भार कमी करण्यासाठीच काही पंपांत मोठ्या वेनच्या पोटात छोटी वेन बसवतात, काहींत वेनखाली पिन असते. त्यामुळे मोठ्या वेनच्या संपूर्ण बुडावर सतत प्रेशर राहत नाही. तुमच्या पंपात यातली कोणती रचना आहे ते बघून ठेवा. छोटी वेन किंवा पिन हरवली तर पंप जोडला जातो, फिरतोही, पण प्रेशर देत नाही.

साइड प्लेटवर गोल गोल ओरखडे असतील तर घाण. तोंडाजवळ खड्डे, जणू कोणी धातू टोकरून काढला असावा, तर कॅव्हिटेशन, म्हणजे तेल अपुरं पडून बुडबुडे होणं आणि ते धातूलगत फुटणं. प्लेट काळी-निळी पडली असेल तर तेलाविना चालला किंवा फट फार कमी होती. बॅलन्स्ड पंपात तेलाचा जोर कटतो, त्यामुळे बेअरिंगवर त्याचा भार जवळजवळ येत नाही. तरीही बेअरिंग खराब निघालं तर कपलिंगच्या अलाइनमेंटकडे किंवा पट्ट्याच्या ताणाकडे बोट जातं.

तिसरी पायरी: धुणं आणि मोजणं

धुण्याबद्दल एकच आग्रह. शेवटचं पुसणं कापसाच्या वेस्टने करू नका, धागे राहतात. गाळलेल्या द्रावणाने धुवा, कोरड्या स्वच्छ हवेने फुंका, धागे न सोडणाऱ्या कापडावर ठेवा आणि लगेच तेलाचा हलका हात द्या.

मोजण्याआधी सगळे भाग, मायक्रोमीटर आणि गेज ब्लॉक एकाच खोलीत काही तास ठेवा. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटर रुंद रोटर गरम द्रावणातून काढून रिंगपेक्षा १० अंश जास्त तापलेला असताना मोजला तर तो सहा मायक्रॉन मोठा भरतो. ज्या फटीचा हिशेब करायचा आहे त्याचा मोठा तुकडा इथेच चुकला. भाग हातात फार वेळ धरला तरी असंच होतं.

मापं अशी घ्या. रिंगची रुंदी चार ठिकाणी, रोटरची रुंदी चार ठिकाणी. दोन्हींतला फरक म्हणजे रोटरच्या दोन्ही बाजूंची मिळून फट. ती किती हवी हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं आणि बहुधा मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. चारही ठिकाणची मापं आपसांत जुळायला हवीत. एका बाजूला १० मायक्रॉनचा उतार असलेली रिंग सरासरीत बरोबर भरते, पण चालताना एका कडेने गळते आणि दुसऱ्या कडेने घासते.

वेन्स सगळ्या एका ओळीत सरफेस प्लेटवर उभ्या करून त्यांवरून डायल गेज फिरवा. काटा प्रत्येक वेनवर जवळजवळ एकाच ठिकाणी थांबला पाहिजे. एखादी वेन बाकीच्यांपेक्षा लांब असेल तर प्लेट तिच्यावरच घासते, आखूड असेल तर तिच्या टोकाशी गळती. डायल गेजचा मॅग्नेटिक बेस वेन्सपासून दूर ठेवा. चुंबकत्व लागलेली वेन तेलातला लोखंडाचा चुरा अंगाला चिकटवून घेते आणि खाचेत घासत राहते.

खाचेची तपासणी हातानेच चांगली होते. वेनला तेल लावून खाचेत सोडा. ती स्वतःच्या वजनाने सावकाश आत उतरली पाहिजे. मध्येच थांबली तर कडेला धातूचा बारीक काटा (बर) उरला आहे किंवा खाच समांतर नाही. धपकन पडली आणि बोटाने डावी-उजवीकडे डुलली तर खाचेचं तोंड कर्ण्यासारखं रुंद झालंय. प्रत्येक वेन प्रत्येक खाचेत घालून बघा. कंटाळवाणं आहे, पण नव्या कार्ट्रिजमध्येही (रिंग, रोटर, वेन्स आणि साइड प्लेट यांच्या तयार संचातही) हे करा. खाचेत अडकणारी एकच वेन सगळ्या पंपाचा आवाज बिघडवते.

चौथी पायरी: काय ठेवायचं, काय बदलायचं

नवख्यांना माझा सल्ला सरळ आहे. रिंग, रोटर, वेन्स आणि साइड प्लेट यांपैकी एकही भाग मर्यादेबाहेर गेला असेल तर पूर्ण कार्ट्रिज बदला. झिजलेल्या रिंगमध्ये नव्या वेन्स घालणं हा सगळ्यात सामान्य मोह. जुन्या रिंगचा आकार जुन्या वेन्सनी घडवलेला असतो. नव्या वेनची कड त्या लाटांवरून जाताना उड्या मारते आणि पहिल्या काही तासांतच बोथट होते.

रिंग हाताने होन करून (दगडाने घोटून) चकचकीत करणं तर मुळीच नको. आतला आकार हे काही कुठलंही लंबगोल नसतं. वेन किती वेगाने बाहेर यावी, त्या वेगात बदल किती हळुवार व्हावा, हे त्या वक्रात बसवलेलं असतं. होनिंग स्टोन उंचवट्यावर जास्त घासतो, खोलगट भागात कमी, आणि तो वक्र मोडतो. पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, पंप मात्र खडखडतो.

साइड प्लेट लॅप करून (बारीक पूड लावून सपाट घासून) घेता येते, जर ओरखडे उथळ असतील, वरचा थर पुरेसा शिल्लक असेल आणि लॅपिंगनंतर प्लेट खरंच सपाट राहिली असेल. सरफेस प्लेटवर मार्किंग ब्लू लावून बघा, निळा रंग सगळीकडे सारखा उठला पाहिजे. इथे एक गोष्ट जवळून दाखवायची आहे. डिलिव्हरीच्या तोंडाच्या सुरुवातीला प्लेटवर एक निमुळती, व्ही आकाराची बारीक खाच दिसते. कप्प्यातलं तेल एकदम मोठ्या प्रेशरला न भिडता हळूहळू चढावं म्हणून ती ठेवलेली असते. तिला ओरखडा समजून घासून टाकू नका. आणि नवी प्लेट आणली तर ती खाच आहे का, जुन्या प्लेटवर होती तिथेच आहे का, लांबी तेवढीच आहे का, हे दोन्ही प्लेट शेजारी ठेवून पाहा. नकली प्लेटमध्ये हीच खाच आखूड असते, सरकलेली असते किंवा नसतेच. पंप जोडला जातो, प्रेशरही देतो, पण सुरू होताच कर्कश आवाज करतो आणि तोंडाची कड खाल्ली जाऊ लागते.

नकली भागांची अडचण नेमकी कुठे येते? बऱ्याचदा नक्कल वापरलेल्या नमुन्यावरून केलेली असते. नमुना झिजलेला असेल तर झीजच मूळ माप म्हणून पुढे जाते. रिंगचा वक्र कॅलिपरने घेतलेल्या चार-सहा मापांतून मिळत नाही. त्यांच्या मधला भाग अंदाजाने जोडलेला असतो. धातू वेगळा असतो. वेन्स चांगल्या पंपांत हायस्पीड स्टीलच्या असतात, कडकपणा रॉकवेल सी मापावर साठच्या आसपास किंवा वर, आणि तापल्यावरही तो टिकतो. साध्या पोलादाची वेन थंड असताना तेवढीच कडक भरू शकते, म्हणून नुसत्या कडकपणाच्या आकड्यावर समाधान मानू नका, धातू कोणता तेही विचारा. रोटरला वरून कडक कवच आणि आतून चिवट गाभा लागतो. कवच पातळ असेल तर खाचेच्या कडा आधी बसतात.

म्हणजे मूळ उत्पादकाशिवाय कोणाचेच भाग घेऊ नयेत का? तसं नाही. स्वतःची मापं, धातू आणि तपासणीचा अहवाल देणारे स्वतंत्र उत्पादक असतात आणि त्यांचे काही भाग उत्तम निघतात. खोक्यावरचं नाव मात्र पुरावा म्हणून धरू नका. पुरवठादाराला विचारायचे प्रश्न हे: रिंग आणि रोटरच्या रुंदीतला फरक किती ठेवला आहे, वेन्सच्या एका संचातली तफावत किती, धातू आणि कडकपणा काय, प्रत्येक कार्ट्रिज टेस्ट बेंचवर चालवून पाहिलं का. उत्तर देताना जो अडखळतो, त्याचा माल माझ्या मते मोजल्याशिवाय पंपात घालू नये. खरं तर कोणाचाच घालू नये.

रोटरचे ओरखडलेले चेहरे (बाजूचे सपाट पृष्ठभाग) ग्राइंड करून घेण्याचा मार्गही आहे. पण मग रिंगची रुंदी आणि वेन्सची लांबी त्याच प्रमाणात कमी करावी लागते, सगळं समांतर राखून आणि कडक कवच न संपवता. अनुभवी ग्राइंडरवाला आणि चांगलं मशीन असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

पाचवी पायरी: सील

किरकोळ म्हणून दुर्लक्षित होणारा हा भाग. प्रेशर प्लेटच्या, म्हणजे दाबाने कार्ट्रिजला टेकणाऱ्या साइड प्लेटच्या, पाठीमागे डिलिव्हरीचं तेल येतं आणि तेच प्लेटला कार्ट्रिजवर दाबून धरतं. तिथला सील गळला की प्लेटमागचं प्रेशर पडतं, प्लेट मागे सरकते आणि तुम्ही मायक्रॉन मोजून जपलेली फट उघडते.

ओ-रिंगांचे दोन सापळे आहेत. पहिला मापाचा. इंची मालिकेतली २.६२ मिलिमीटर जाडीची रिंग आणि मेट्रिक मालिकेतली २.५ मिलिमीटरची रिंग टेबलावर एकसारख्याच दिसतात. फरक ०.१२ मिलिमीटरचा, पण खाचेत ओ-रिंग दबायची असते तीच मुळी काही दशांश मिलिमीटर. त्यातला तेवढा दाब कमी झाला की गळती सुरू होते.

दुसरा सापळा रबराचा. नायट्राइल आणि ईपीडीएम ही दोन वेगळी रबरं, पण नायट्राइल काळं, ईपीडीएमही काळं. खनिज तेलाला नायट्राइल चालतं, जास्त तापमानाला एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) लागतं. ईपीडीएम खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. फॉस्फेट एस्टर द्रवात (सहज पेट न घेणाऱ्या हायड्रॉलिक द्रवात) उलट नायट्राइल टिकत नाही. कोणत्या खोक्यातलं काय, याची खात्री नसेल तर एक ओ-रिंग मोजून, पंपात वापरायच्या तेलात कोमट जागी रात्रभर बुडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. ईपीडीएम असेल तर ती सकाळी लपून राहत नाही.

बॅकअप रिंग प्रेशरच्या विरुद्ध बाजूला बसते. ओ-रिंगला फटीत घुसू न देणं हे तिचं काम.

ऑइल सीलची ओठाची बाजू तेलाकडे. शाफ्टवर सील बसतो ती जागा गुळगुळीत हवी, पण पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकवत फिरवू नका. त्याने बारीक पेच उमटतो आणि शाफ्ट फिरला की तो पेच तेल बाहेर ओढतो. सील चढवताना की-वेवर (शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर) पातळ टेप गुंडाळा, नाहीतर तिची धार ओठ कापते.

सहावी पायरी: जोडणी

बेअरिंग शाफ्टवर दाबताना जोर आतल्या रिंगवरच द्या. याहून जास्त सांगण्यासारखं इथे काही नाही.

वेन्सची दिशा मात्र नीट समजून घ्या. काही वेन्सचं टोक गोलसर असतं, काहींच्या एका कडेला उतार काढलेला असतो. गोल टोक रिंगकडे जातं. उतार असलेल्या बऱ्याच रचनांत तीक्ष्ण कड फिरण्याच्या दिशेने पुढे आणि उतार मागे राहतो. तुमच्या मॉडेलचं चित्र समोर ठेवूनच बसवा. रोटर आणि रिंगवर बाणही असतात, दोन्ही एकाच दिशेला हवेत. डाव्या फिरतीचा पंप उजव्या फिरतीचा करायचा असेल तर कार्ट्रिज सुटं करून त्या दिशेसाठी पुन्हा जोडावं लागतं, नुसती मोटरची दिशा बदलून चालत नाही.

सगळे भाग पंपात वापरायच्या तेलातच बुडवून जोडा. ग्रीस नको. कव्हरचे बोल्ट समोरासमोर, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हाताने फिरवा. हलका, सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. एका जागी अडलं तर तिथेच थांबा, बोल्ट ढिले करा, पुन्हा बघा. जोराने आवळून ‘चालता चालता बसेल’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. जे बसतं ते म्हणजे रोटरचा चेहरा प्लेटवर.

कपलिंग शाफ्टवर हातोड्याने ठोकू नका. तो घाव थेट बेअरिंगपर्यंत आणि कार्ट्रिजपर्यंत जातो.

सातवी पायरी: तेल आणि पहिली सुरुवात

नवीन ड्रममधलं तेल स्वच्छ असतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. आयएसओ ४४०६ मध्ये तेलाची स्वच्छता तीन आकड्यांत सांगतात. १८/१६/१३ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनहून मोठे कण १३०० ते २५००, ६ मायक्रॉनहून मोठे ३२० ते ६४० आणि १४ मायक्रॉनहून मोठे ४० ते ८०. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट. ५ ते १३ मायक्रॉनच्या फटीत नेमके याच मापाचे कण अडकतात. म्हणून नवं तेलही फिल्टरमधूनच टाकीत भरा. जुना पंप फुटून चुरा झाला असेल तर टाकी, पाइप आणि कूलर धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नका. फिल्टर घेताना त्याचं बीटा रेटिंग बघा: एखाद्या मापाला बीटा २०० म्हणजे त्या मापाचे आणि त्याहून मोठे ९९.५ टक्के कण अडतात. नुसतं ‘१० मायक्रॉन’ छापलेल्या फिल्टरचा अर्थ काहीही होऊ शकतो.

पंपाच्या पोटात आणि सक्शन पाइपात तेल भरून घ्या. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण ढिला करा. मोटर क्षणभर देऊन दिशा बघा. बऱ्याच वेन पंपांना किमान ६०० च्या आसपास फेरे लागतात, त्याखाली वेन्स बाहेर फेकल्या जात नाहीत आणि पंप तेल उचलत नाही. डिलिव्हरीला हवा निघायला वाट ठेवा. अर्ध्या मिनिटात तेल उचललं नाही तर बंद करून कारण शोधा, कोरडा फिरवत बसू नका.

तेल आलं की काही मिनिटं बिनप्रेशर चालवा. आवाज ऐका. सलग, उंच किंचाळी म्हणजे सक्शनला तेल कमी पडतंय. गोट्या खळखळल्यासारखा आवाज आणि टाकीत फेस म्हणजे हवा शिरतेय. सक्शनला व्हॅक्यूम गेज लावा, ०.२ बारच्या वर निर्वात दिसत असेल तर स्ट्रेनर आणि पाइप आधी बघा. मग प्रेशर टप्प्याटप्प्याने चढवा, प्रत्येक टप्प्याला थोडं थांबून.

तेल ५० अंशांवर स्थिर झालं की फ्लो मीटरवर दोन आकडे घ्या: बिनप्रेशरला किती लिटर, आणि कामाच्या प्रेशरला किती. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या नव्या कार्ट्रिजची गळती. तो तारीख, तापमान आणि तेलाच्या ग्रेडसकट पंपाच्या कार्डावर लिहा. पुढे कधी मशीन मंदावल्याची तक्रार आली तर त्याच तापमानाला तेच दोन आकडे पुन्हा घ्या. फरक वाढलेला नसेल तर पंपाला हात न लावता व्हॉल्व्ह आणि सिलिंडर तपासायला घ्या.

पहिल्या पन्नासेक तासांनंतर फिल्टरचं एलिमेंट बदला. जुनं एलिमेंट फेकण्याआधी कापून, त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर झटका आणि चुऱ्यावरून चुंबक फिरवा. पितळी चकाकीचे कण चुंबकाला चिकटत नाहीत, ते बहुधा साइड प्लेटचे. बारीक, काळसर, चुंबकाला उचलले जाणारे कण थोडेसे असतील तर सुरुवातीचं घासणं समजा. लांबट, चमकदार किसासारखे तुकडे असतील तर पंप लगेच उतरवा आणि आधी वेन्सच्या कडा बघा.